टोकियोच्या माध्यमविश्वाचा अभ्यासदौरा : निघण्यापूर्वी अपेक्षा कशा लिहाव्यात

परदेशातील अभ्यासदौऱ्यासाठी निवड झाली की विभागाकडून विद्यार्थ्याला बहुधा पानभर मजकूर मागितला जातो : या दौऱ्याकडून आपल्या अपेक्षा कोणत्या? बहुतेक जण हे पान एका बैठकीत लिहून मोकळे होतात आणि त्यात ‘तेथील आधुनिक तंत्रज्ञान पाहता येईल’, ‘दृष्टी व्यापक होईल’, ‘नव्या संस्कृतीची ओळख होईल’ अशी वाक्ये येतात. या वाक्यांत खोटे काही नसते. मात्र दौरा आटोपल्यावर ती खरी ठरली की चुकली हे कोणालाही सांगता येत नाही, आणि म्हणून अभ्यासाच्या दृष्टीने त्यांचा काही उपयोग होत नाही. मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे आणि जपानच्या दौऱ्याची तयारी करताना हे पान मला तीन वेळा लिहावे लागले. तिसऱ्या वेळी जी पद्धत हाती लागली, ती याच वाटेने जाणाऱ्यांसाठी येथे सविस्तर मांडत आहे.

पद्धतीचे मूळ सोपे आहे. अपेक्षा लिहिताना ती इच्छेच्या रूपात न लिहिता विधानाच्या रूपात लिहावी, आणि ते विधान असे असावे की प्रत्यक्ष पाहिल्यावर ते चुकीचे ठरण्याची शक्यता राहील. एक जाड वही घ्यावी. उजव्या पानावर विधान लिहावे. त्याखाली हे आपल्या मनात कोठून आले ते प्रामाणिकपणे नोंदवावे, मग ते पाठ्यपुस्तक असो, लहानपणी पाहिलेली हिंदीत भाषांतरित झालेली कार्टून मालिका असो किंवा नुसती ऐकीव गोष्ट असो. त्याखाली हे विधान आपण कोठे व कोणाकडे तपासणार ते लिहावे. आणि शेवटी, काय दिसले तर आपण हे विधान मागे घेऊ तेही लिहावे. डावे पान कोरे सोडावे, कारण ते टोकियोत भरायचे आहे. चौथी ओळ सर्वांत कठीण जाते, असा माझा अनुभव आहे. ती लिहिता येत नसेल तर विधानच सैल आहे असे समजून ते पुन्हा लिहावे.

वृत्तपत्रांविषयीचे विधान

उदाहरणासाठी बहुतेकांच्या मनातली पहिली समजूत घेऊ : जपानसारख्या तंत्रप्रगत देशात छापील वृत्तपत्र जवळजवळ नाहीसे झाले असेल. घरी बसून थोडे वाचन केले तरी हे विधान डळमळू लागते. 1874 साली सुरू झालेल्या ‘योमिउरी शिंबुन’ या दैनिकाचा खप एके काळी एक कोटी प्रतींच्या वर होता, आणि त्यात घट होऊनही जगातील सर्वाधिक खपाच्या दैनिकांत त्याची गणना होते. दुसरीकडे, तेथील वृत्तपत्रांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार 2000 साली देशातील दैनिकांचा एकूण खप सुमारे 5 कोटी 37 लाख प्रती होता; 2023 साली तो सुमारे 2 कोटी 86 लाखांवर आला. म्हणजे खप जवळजवळ निम्म्यावर आला, तरी जे उरले आहे तेही प्रचंड आहे. ‘नाहीसे झाले’ आणि ‘टिकून आहे’ ही दोन्ही विधाने अपुरी आहेत, हे विमानात बसण्यापूर्वीच कळते.

येथे थांबू नये. आकडा मिळाला की त्यामागची व्यवस्था शोधावी. आपल्याकडे एकच विक्रेता सगळ्या दैनिकांची लाइन टाकतो, पेपरची किंमत छपाईच्या खर्चापेक्षा कमी असते आणि उरलेला भार जाहिरातींवर पडतो. जपानमध्ये प्रत्येक मोठ्या दैनिकाचे बांधलेले विक्रेते असतात. त्यांना ‘हानबाइतेन’ म्हणतात. घरोघरी वर्गणी मिळवणे, ती गोळा करणे आणि पहाटे अंक पोहोचवणे ही सगळी कामे तेच करतात. सकाळ आणि संध्याकाळच्या आवृत्त्यांची मिळून एकच मासिक वर्गणी घेण्याची पद्धत तेथे दीर्घकाळ चालत आली; ही वर्गणी चार-पाच हजार येनच्या घरात असते. वृत्तपत्रे व पुस्तके यांना तेथील कायद्याने ठरावीक किमतीलाच विकण्याची मुभा दिली असल्यामुळे आपल्याकडच्यासारखे किमतीचे युद्ध तेथे होत नाही. पेपर टाकण्याच्या बदल्यात शिक्षणाची फी आणि राहण्याची सोय मिळवणारे विद्यार्थी हाही या व्यवस्थेचा जुना भाग आहे, आणि अलीकडे त्यांत परदेशी विद्यार्थीही असतात. संध्याकाळची आवृत्ती मात्र एकेका शहरातून बंद होत आहे. ‘होक्काइदो शिंबुन’ने ती 2023 साली थांबवली.

एवढे वाचल्यावर माझे विधान असे झाले : ‘जपानी दैनिकाचे बळ त्याच्या वितरणात आहे, म्हणून वाचक घटल्याचा पहिला फटका संपादकीय विभागाला बसण्याआधी विक्रेत्याला आणि संध्याकाळच्या आवृत्तीला बसत असणार.’ हे तपासता येते. त्यासाठी एखाद्या हानबाइतेनला पहाटे भेट मिळावी म्हणून आयोजकांना दोन महिने आधी विनंती करावी. बातमीकक्षाची भेट कार्यक्रमात असतेच. विक्रेत्याची भेट मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही. याच विषयासाठी योकोहामाचे वृत्तपत्र संग्रहालय, ‘न्यूजपार्क’, पाहावे. जपानी भाषेतील पहिले दैनिक 1871 साली योकोहामातच निघाले. ‘दर्पण’ 1832 सालचे, हे आपल्याला पाठ असते; पण मराठी वृत्तपत्र जपानीच्या सुमारे चार दशके आधी निघूनही घराघरांत इतक्या खोलवर का पोहोचले नाही, हा प्रश्न त्या संग्रहालयात उभे राहून स्वतःला विचारण्यासारखा आहे. साक्षरतेचा वेग, शहरांची दाटी, पारतंत्र्य, यांपैकी कशाला किती वजन द्यायचे याचा अंदाज उजव्या पानावर आधीच लिहून ठेवावा.

बातमीदारांचे क्लब

माझ्या मते संपूर्ण तयारीत सर्वाधिक वेळ या विषयाला द्यावा, कारण जपानी पत्रकारितेची ताकद आणि तिची मर्यादा ही दोन्ही येथे एकाच ठिकाणी सापडतात. मंत्रालये, पोलीस मुख्यालये, राजकीय पक्ष, मोठ्या उद्योगसंस्था यांच्या इमारतींत बातमीदारांचे ‘किशा क्लब’ असतात. ही परंपरा 1890 साली, पहिली संसद भरली तेव्हा, वार्तांकनासाठी प्रवेश मागणाऱ्या बातमीदारांच्या एकजुटीतून सुरू झाली; म्हणजे जी गोष्ट आज दार बंद करणारी म्हणून टीकेला पात्र ठरते, ती मुळात दार उघडण्यासाठी जन्मली होती. क्लबच्या सदस्यांना बसायला जागा, नियमित माहिती आणि अधिकाऱ्यांपर्यंत थेट पोहोच मिळते. बाहेरच्यांना, म्हणजे साप्ताहिकांना, मुक्त पत्रकारांना आणि परदेशी प्रतिनिधींना, हा लाभ दीर्घकाळ मिळत नव्हता. 2009 नंतर काही मंत्रालयांनी आपल्या पत्रकार परिषदा खुल्या केल्या, तरी क्लबची पकड अजून टिकून आहे.

आपल्या वाचकाला हे ऐकून मंत्रालयातील वार्ताहर कक्ष आणि शासनाची अधिस्वीकृतीपत्रिका (पत्रकारांना मिळणारे शासकीय ओळखपत्र) आठवेल. ही तुलना सुरुवात म्हणून उपयोगी आहे, पण ती ताणू नये. आपल्याकडे अधिस्वीकृती शासन देते. किशा क्लबचे सदस्यत्व वृत्तसंस्था आणि बातमीदार आपापसांत ठरवतात. एका ठिकाणी चावी सत्तेच्या हातात आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ती व्यवसायबंधूंच्या हातात आहे, हा फरक विसरला तर पुढचे सगळे निष्कर्ष घसरतात.

या व्यवस्थेचा परिणाम समजून घेण्यासाठी दोन घटना निघण्यापूर्वी नीट वाचाव्यात. पहिली मनोरंजन क्षेत्रातील आहे. तरुण गायकांचे संघ घडवणाऱ्या ‘जॉनीज’ या बलाढ्य संस्थेचे संस्थापक जॉनी कितागावा यांनी केलेल्या लैंगिक अत्याचारांविषयी ‘शुकान बुनशुन’ या साप्ताहिकाने 1999 साली लेखमाला छापली. संस्थेने बदनामीचा दावा केला. 2003 साली टोकियोच्या उच्च न्यायालयाने अत्याचारांविषयीच्या आरोपांचा महत्त्वाचा भाग सिद्ध होतो असे मानले आणि 2004 साली सर्वोच्च न्यायालयात तो निकाल कायम राहिला. तरीही मोठी दैनिके आणि दूरचित्रवाणी वाहिन्या या विषयावर जवळजवळ गप्प राहिल्या. कितागावा 2019 साली निधन पावले, 2023 च्या मार्चमध्ये बीबीसीने माहितीपट दाखवला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संस्थेने अत्याचारांची कबुली देऊन माफी मागितली. ज्या मुलांनी हे सोसले त्यांना सार्वजनिक कबुलीसाठी एवढी वर्षे वाट पाहावी लागली, हे वाचताना मन अस्वस्थ होते, आणि ते तसे झालेच पाहिजे.

दुसरी घटना 2025 सालची आहे. एका प्रसिद्ध सूत्रसंचालकाच्या वर्तनाविषयी साप्ताहिकांनी बातम्या दिल्यानंतर ‘फुजी टीव्ही’ने 17 जानेवारीला पत्रकार परिषद घेतली, ती मुख्यतः क्लबच्या सदस्यांपुरती मर्यादित होती आणि तिच्या चित्रीकरणास मनाई होती. त्यावर तीव्र टीका झाली, अनेक मोठ्या कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या, आणि 27 जानेवारीला सर्वांसाठी खुली परिषद घ्यावी लागली. ती दहा तासांहून अधिक चालली. अध्यक्षांनी आणि कार्यकारी प्रमुखांनी राजीनामा दिला. बातमी क्लबबाहेरच्या साप्ताहिकाने फोडायची, मोठ्या माध्यमांनी नंतर तिच्यामागे यायचे, हा क्रम दोन्ही घटनांत दिसतो.

यावरून ‘जपानी पत्रकार भित्रे असतात’ असे विधान लिहिण्याचा मोह होईल. तसे लिहू नये. ते उद्धट तर आहेच, शिवाय तपासता येण्याजोगेही नाही. माझे विधान असे आहे : ‘क्लबचा सदस्य असलेल्या बातमीदाराला अनेक गोष्टी ठाऊक असतात, पण त्या छापण्याची किंमत त्याला एकट्याला न मोजता त्याच्या संपूर्ण संस्थेला मोजावी लागते, म्हणून निर्णय तो स्वतः घेत नाही.’ हे तपासण्यासाठी क्लबमधील बातमीदार, साप्ताहिकातील पत्रकार आणि टोकियोच्या मारुनोउची भागातील परदेशी प्रतिनिधींचा क्लब (स्थापना 1945) अशा तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारता आला तर उत्तम. पत्रकारितेच्या स्वातंत्र्याच्या जागतिक क्रमवारीत जपान 2010 साली 11 व्या स्थानी होता आणि 2024 साली 70 व्या स्थानी गेला, हेही वहीत असावे. मात्र त्यासोबत भारत 2024 साली 159 व्या स्थानी होता, हीसुद्धा ओळ लिहावी, म्हणजे प्रश्न विचारताना आपला सूर आपोआप योग्य पट्टीत राहतो.

दूरचित्रवाणी आणि ॲनिमे

एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेविषयी लिहिताना ‘एनएचके म्हणजे तेथील दूरदर्शन’ हे वाक्य टाळावे. टोकियोचे रेडिओ केंद्र मार्च 1925 मध्ये बोलू लागले, मुंबईचे जुलै 1927 मध्ये. सुरुवात इतकी जवळजवळची असूनही पुढचे रस्ते वेगळे झाले. एनएचके जाहिराती घेत नाही. घरात दूरचित्रवाणी संच असणाऱ्याने तिला शुल्क द्यायचे असते; ऑक्टोबर 2023 पासून साध्या प्रसारणासाठी ते महिन्याला 1,100 येन आहे, आणि हे शुल्क राज्यघटनेशी सुसंगत आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली दिला. आपल्याकडेही एके काळी रेडिओचा परवाना काढावा लागे. घरातील वडीलधाऱ्यांना त्याविषयी विचारून जावे, तुलनेला आधार मिळतो. आतागो टेकडीवरील एनएचकेचे प्रसारण संग्रहालय 1956 पासून आहे आणि दोन-तीन तासांत नीट पाहून होते. खासगी वाहिन्यांबाबत एवढेच लक्षात ठेवले तरी पुरे की प्रत्येक मोठी वाहिनी कोणत्या तरी दैनिकाशी नात्याने बांधलेली आहे : निप्पॉन टीव्ही योमिउरीशी, टीव्ही आसाही आसाहीशी, टीव्ही टोकियो निक्केईशी. त्यामुळे एका घराण्याची बातमी दुसरे घराणे कशी देते, हा चांगला प्रश्न ठरतो.

ॲनिमेसाठी, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका व चित्रपटांसाठी, जाणाऱ्यांची संख्या मोठी असते आणि त्यांच्या अपेक्षाही सर्वांत रंगीत असतात. त्यांना एकच सांगावेसे वाटते : भव्य स्टुडिओची कल्पना घरीच ठेवून निघावे. 1963 साली दर आठवड्याला अर्ध्या तासाची मालिका दाखवण्याची प्रथा रुजली तेव्हापासून हा व्यवसाय कमी पैशांत आणि घाईच्या वेळापत्रकात काम करत आला आहे. पश्चिम टोकियोतील सुगिनामी आणि नेरिमा या भागांत कितीतरी स्टुडिओ साध्या इमारतींच्या एखाद-दोन मजल्यांवर चालतात. महत्त्वाचा विषय आहे ‘निर्मिती समिती’चा. प्रकाशक, वाहिनी, खेळणी बनवणारी कंपनी, संगीत कंपनी असे अनेक जण मिळून पैसा घालतात, धोका वाटून घेतात आणि हक्कही वाटून घेतात. चित्रे काढणाऱ्या स्टुडिओला पुष्कळदा केवळ कामाचा मोबदला मिळतो. म्हणून तपासण्याजोगे विधान असे करावे : ‘मालिका जगभर गाजली तरी ती काढणाऱ्या हातांच्या मोबदल्यात फरक पडत नाही.’ हे विधान आपण ज्या स्टुडिओत जाणार आहोत तेथे खोटे ठरले तर मला मनापासून आनंद होईल. आणि यजमानांना कोणाचाही पगार थेट विचारू नये. समितीत स्टुडिओचा वाटा असतो का, एवढे विचारले तरी उत्तर बरेच सांगून जाते.

प्रश्न, भाषा आणि वेळ

जपानी संस्था भेटीपूर्वी प्रश्नांची यादी मागतात आणि ती गांभीर्याने वाचतात. यादी दोन-तीन आठवडे आधी पाठवावी आणि तीत ‘का’पेक्षा ‘कसे’ने सुरू होणारे प्रश्न अधिक असावेत. ‘तुम्ही ही बातमी का दिली नाही?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर सभ्य आणि पोकळ असते. ‘अशी बातमी आल्यावर ती कोणाकोणाच्या टेबलावरून जाते?’ असे विचारले तर यजमान कागद घेऊन आकृती काढून दाखवण्याची शक्यता असते. दुभाष्यामार्फत होणाऱ्या संभाषणात प्रत्येक वाक्य दोनदा उच्चारले जाते, त्यामुळे एका तासाची भेट प्रत्यक्षात अर्ध्या तासाची धरावी आणि प्रश्न तीनच ठेवावेत. ‘विचार करून पाहू’ हे उत्तर बहुधा नम्र नकार असते. ते मिळाल्यावर तोच प्रश्न पुन्हा रेटू नये.

भाषेविषयीची अपेक्षा माफक पण नेमकी असावी. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या एकाच आवारात वृत्तविद्या आणि परकीय भाषा शिकवल्या जात आल्या आहेत, आणि तरी पत्रकारितेचे किती विद्यार्थी शेजारच्या जपानीच्या वर्गात डोकावतात, याचा विचार करावा. बोलण्याइतकी भाषा दोन महिन्यांत येत नाही, पण हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या काही आठवड्यांत निश्चित वाचता येतात. त्यांचा क्रम बौद्ध भिक्षूंमार्फत पोहोचलेल्या संस्कृत वर्णमालेवरून ठरलेला आहे : आ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. आपल्या कानाला तो ओळखीचा वाटतो. काताकाना आली की ‘तेरेबी’, ‘न्यूसु’, ‘मासुकोमि’ हे माध्यमांचे शब्द पाट्यांवरून स्वतः वाचता येतात.

व्हिजिटिंग कार्ड छापून न्यावे, ते दोन्ही हातांनी द्यावे, आणि समोरच्याचे कार्ड घेतल्यावर वाचून टेबलावर ठेवावे. ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी इमारतीपाशी असावे. छायाचित्रांची परवानगी प्रत्येक खोलीसाठी वेगळी विचारावी, कारण बातमीकक्षातील फळ्यावर न छापलेल्या गोष्टी लिहिलेल्या असतात. व्हिसाच्या अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम द्यावा लागतोच. त्याची एक प्रत वहीत चिकटवून कोणत्या दिवशी कोणते विधान तपासायचे ते त्यावर पेन्सिलीने लिहावे. एक दिवस मोकळा ठेवावा. पहिल्या तीन भेटींत जे अनपेक्षित कळेल त्याचा माग काढायला तो लागतो.

टोकियोत मराठी माणसे भेटतील, विशेषतः एदोगावा भागातील निशी-कासाइ परिसरात, आणि तेथे वरण-भातासोबत मिळणारी माहिती कमी मोलाची समजू नये. 2019 साली याच एदोगावाच्या परिषदेवर मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक निवडून आले. जपानी दैनिकांच्या स्थानिक पानांनी ही निवड कशी मांडली आणि मराठी दैनिकांनी कशी मांडली, हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचणे हा निघण्यापूर्वीचा उत्तम सराव आहे. परदेशस्थ रहिवाशाला तेथील बातम्या कोणत्या भाषेत आणि कोठून मिळतात, हेही या मंडळींना विचारावे. एनएचकेची परदेशी प्रसारण सेवा हिंदीतही आहे, पण ती खरोखर कोण ऐकते, हे त्यांच्याकडूनच कळेल.

वही पूर्ण झाली की तिच्या उजव्या पानांची छायाप्रत काढावी, तिच्यावर तारीख घालावी आणि ती आपल्या मार्गदर्शक प्राध्यापकांकडे बंद पाकिटात ठेवून जावे. परतल्यावर मन फार लबाडी करते; ‘मला हे आधीपासून ठाऊक होते’ असे ते सांगू लागते, आणि आपण खरोखर काय समजून निघालो होतो हे आपल्यालाच आठवत नाही. माझे पाकीट मी परवा दिले. त्यात सतरा विधाने आहेत, आणि त्यांपैकी निम्मी तरी चुकीची ठरावीत अशी माझी अपेक्षा मी त्याच पाकिटावर लिहून ठेवली आहे.